कयाकला परवानगी

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकजवळच्या आमच्या तळ्यात होडी घालायला बंदी होती. तळं म्हणजे खडी काढून झाल्यावर पाणी भरलेली जुनी खाण. मधोमध बेट, बेटाच्या एका अंगाला लव्हाळ्याची दाट रांग, आणि मोठे पाइक मासे नेमके त्या लव्हाळ्याच्या कडेला. काठावरून कितीही लांब फेकलं तरी गळ तिथवर पोचत नसे. फिशिंग क्लबची सभासद होऊन मला तीन वर्षं झाली होती आणि तिन्ही वर्षं मी बेटाकडे बघत बसले होते. चौथ्या वर्षी कमिटीला दोन पानी पत्र लिहिलं: कयाकवरून, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या अरुंद होडीतून, मासेमारी का, कुठे, किती वाजता आणि कोणती काळजी घेऊन. ऑफिसात मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या बघायची. काय काय बिघडू शकतं याची यादी करण्याचाच मला पगार मिळत असे.

कमिटीने एक सकाळ दिली. सप्टेंबरातला रविवार, सात ते अकरा. सगळं नीट पार पडलं तर पुढच्या मोसमापासून कयाकला परवानगी. एक मासा जरी मेला तर विषय कायमचा बंद.

देखरेखीला बेलिफ असणार होता. बेलिफ म्हणजे तळ्याची राखण करणारा क्लबचा माणूस. हा सत्तरीचा होता. त्याने कमिटीत माझ्या विरोधात मत दिलं होतं आणि तसं मला तोंडावर सांगितलंही होतं.

"प्लॅस्टिकच्या होडीत मासा आपटतो. खवले जातात. दोन दिवसांनी पांढरं पोट वर करून तरंगतो, आणि तो उचलायला मी येतो."

त्याचं खोटं नव्हतं. मी घरी जाऊन यादीत कलम घातलं: मासा होडीत घ्यायचाच नाही, पाण्यातच गळ काढायचा. यादी तेवीस कलमांची झाली. लाइफ जॅकेट. लांब चिमटे, दोन. तार कापायची पक्कड. प्रत्येक गळाच्या टोकाचा उलटा काटा दाबून सपाट केलेला, म्हणजे गळ चटकन निघतो. ऑगस्टभर मी जवळच्या कालव्यात कयाकमध्ये बसून, कोलाच्या दोन लिटरच्या बाटलीत पाणी भरून, ती माशाऐवजी शेजारी पाण्यात धरायचा सराव केला. एकदा उलटलेसुद्धा. उलटल्यावर परत कसं चढायचं, हे चोविसावं कलम.

यादीत एक गोष्ट राहिली होती. नवरा.

रविवारी साडेसहाला आम्ही पोचलो. मी टपावरून कयाक उतरवत होते तेवढ्यात मागे आणखी एक गाडी थांबली. नवऱ्याचा हॅरोला राहणारा मित्र, आणि सहा महिन्यांसाठी मालवणहून आलेली त्याची आई. मित्राने डिकीतून कूलबॉक्स काढला, मग गॅसची छोटी शेगडी, मग तवा.

"हे काय?" मी नवऱ्याला विचारलं.

"अगं, ताजा मासा. काकूंनी मसाला करून आणलाय. म्हटलं इथेच तळू."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"तू मासे पकडणार आहेस म्हणून."

"आणि पकडल्यावर?"

"पकडल्यावर खातात."

हा माणूस रत्नागिरीचा. इथे मासा पाण्यात परत सोडतात, हे मी त्याला तीन वर्षांत निदान दहा वेळा सांगितलं होतं. मला काहीच मिळत नाही म्हणून मी रिकाम्या हाताने घरी येते, अशी त्याची समजूत होती. माझं मन राखायला तो ऐकून घेत होता.

"एखादासुद्धा नाही?" त्याने विचारलं.

"एखादासुद्धा नाही."

बेलिफ मागेच उभा होता. त्याने तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या सुमारास आसपासच्या तळ्यांवरून मासे चोरून नेल्याच्या तक्रारी चालल्या होत्या, आणि संशय आधी आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांवर. मी कूलबॉक्स उघडून त्याच्यासमोर धरला. हळद, तिखट, आलं-लसूण, कोकमाचं आगळ. म्हटलं, "माझ्या नवऱ्याचा गैरसमज झालाय. यात मासा जाणार नाही. हवं तर बॉक्स तुमच्यापाशी ठेवा."

त्याने खरंच घेतला आणि आपल्या घडीच्या खुर्चीखाली ठेवला.

"तो माझो मसालो खंय नेता?" काकूंनी विचारलं.

मी उत्तर द्यायला थांबले नाही. सात वाजले होते.

पहिले दोन तास काही नाही. बेटाला दोन चकरा मारल्या, गळाला लावलेले नकली मासे तीनदा बदलले. काठावर चौघे ओळीने बसलेले दिसत होते, पैकी एकाच्या हातात दुर्बीण. साडेनऊच्या सुमारास लव्हाळ्याच्या कडेला दोरी ताठ झाली आणि कयाकचं तोंड आपोआप माशाच्या दिशेला वळलं.

सप्टेंबरात पाणी अजून कोमट असतं. अशा पाण्यात पाइक लवकर दमतो, फार खेळवला तर मरतो. म्हणून मी मुद्दाम जाड दोरी आणली होती. चार मिनिटांत त्याला शेजारी घेतलं. माझ्या हाताहून लांब, हिरवट, अंगावर फिकट ठिपके. गळ जबड्याच्या कोपऱ्यात होता. चिमट्याचा एक हिसका, आणि गळ बाहेर.

आणि मासा कुशीवर वळला. पोट पांढरं दिसू लागलं.

काठावरून मित्र ओरडला, "वहिनी, उचला ना. एक फोटो."

मी तिकडे पाहिलं नाही. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली, असा त्याला पाण्यात सरळ धरून बसले. वारा कयाकला लव्हाळ्यात ढकलत होता, वल्हं दोरीला बांधलेलं बाजूला तरंगत होतं, आणि दोन्ही हात मोकळे नसल्यामुळे मला यातलं काहीच थांबवता येत नव्हतं. कल्ले उघडत होते, मिटत होते, मध्येच थांबत होते. बोटं आखडली. लव्हाळी गालाला लागायला लागली. मग माझ्या मुठीत शेपटी ताठ झाली. त्याने एक झटका दिला, माझा चष्मा भिजवला आणि गेला.

नंतर दोन लहान पाइक मिळाले. तेही तसेच सोडले. अकराला पाच कमी असताना मी काठाला लागले.

"सोडलंस कित्याक गो?" काकूंनी विचारलं. "हातात इलेलो."

"नियम आहे, काकू."

"आणि इतको वेळ कुरवाळीत बसलंस. माझ्या सुनेन माझे पाय कधी इतको वेळ चेपूक नाय."

"आई," मित्र म्हणाला.

बेलिफने कूलबॉक्स उचलून दोन्ही हातांनी काकूंना परत दिला. मग माझ्याकडे वळला. "अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. मी पाचव्या मिनिटाला हात सोडला असता." खुर्ची मिटत म्हणाला, "दोन दिवस तळ्याला फेऱ्या मारतो. मग बघू."

सोमवारी आणि मंगळवारी मी ऑफिसात होते, पण काम काय केलं ते आठवत नाही. बुधवारी सकाळी त्याचा फोन आला. तळ्यात एकही मासा तरंगत नव्हता. परवानगीचा ठराव तो स्वतः मांडणार होता.

ठराव मंजूर झाला, एका अटीसह: कयाक पाण्यात जाण्याआधी सामान तपासलं पाहिजे. तपासणीसाठी बेलिफने माझं नाव दिलं होतं. नव्या मोसमाच्या पहिल्या रविवारी दोन धिप्पाड गडी नव्याकोऱ्या कयाक घेऊन आले. एकाकडे पक्कड नव्हती, दुसऱ्याच्या गळांचे उलटे काटे तसेच होते. मी दोघांना परत पाठवलं.

"तू कोण?" त्यातल्या एकाने विचारलं.

खुर्चीतून बेलिफ म्हणाला, "ती नसती तर तू आज काठावर बसला असतास."

पुढच्या रविवारी दोघे सगळं घेऊन आले. मी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली, गळांच्या टोकांवरून अंगठा फिरवला, आणि मग यादीखाली सही केली.