जुन्या आडनावाचा रकाना

मी चौथी शिकले आहे. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मला कोणी पाठवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लॅपटॉपचं नाव काढलं की लोक पहिलं हेच विचारतात.

माझं काम सोयरिकी जुळवायचं. मालेगाव, वाशीम, रिसोड या भागात आमच्या बौद्ध समाजात कोणाची मुलगी लग्नाची झाली, कोणाचा मुलगा नोकरीला लागला, हे मी तीसेक वर्षं वह्यांत लिहून ठेवत आले. त्याचे पैसे घेत नाही. लग्नात लुगडं दिलं तर घेते. पैसे घेतले असते तर लोक काम सांगून उठले असते. पैसे नसल्यामुळं त्यांना बसावं लागायचं. मुलीचा बाप यायचा, सोबत कधी त्याचाही बाप यायचा. चहा व्हायचा. तुरीचं, सोयाबीनचं बोलणं व्हायचं, मग कोणाच्या आजाराचं, आणि सगळ्यात शेवटी मुलीचं. दोन-दोन तास जायचे. नवरा गेला, मुलगी पुण्याला संसाराला लागली, त्यानंतर माझ्या घरात माणसाचा आवाज राहिला तो या कामामुळं. काम सुटलं तर दारात कोणी येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून काम धरून ठेवायचं होतं. समाजसेवा वगैरे लोक म्हणतात, त्यांना म्हणू द्या.

मग परिचयपत्रं मोबाइलवर यायला लागली. फोटो, उंची, शिक्षण, सगळं एका चित्रात. माझा मोबाइल भरला. नवं एक ठेवायचं तर जुनं एक पुसावं लागे. एकदा मी एका चांगल्या मुलीला पुसून बसले आणि तिच्या बापाला पुन्हा मागायची लाज वाटली. गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवणारी एक बाई आहे. ती म्हणाली, "मावशी, लॅपटॉप घ्या. सारं एका ठिकाणी राहीन." मी वाशीमला गेले.

दुकान जुन्या लॅपटॉपचं होतं. दुकानदारानं विचारलं, "आजी, नातीले पाह्यजे का?"

"मले पाह्यजे."

"काय कराचं त्याच्यावर?"

"लगनं जमवाची."

"मंग माह्या भाच्याचं बी पाहा ना. पस्तीसचा झाला."

"आधी लॅपटॉप दाखव. पस्तीस वर्सं थांबला, अजून अर्धा घंटा थांबीन."

त्यानं तीन काढले. एक पातळ आणि चकचकीत होता, त्याची बटणं पापडासारखी दबायची, लागलं की नाही कळायचं नाही. दुसऱ्याचं झाकण आपोआप मागं पडायचं. तिसरा कुठल्याशा कार्यालयातून निघालेला, काळा, जड. स्थळ पाहताना मी मुलाचे दात आणि चपला पाहते. इथं मी बिजागरी पाहिली. झाकण जिथं सोडलं तिथं थांबलं. बटणांवरची अक्षरं झिजली होती, पण इंग्रजी अक्षरं झिजली काय आणि राहिली काय, मला सारखीच. तो घेतला.

लॅपटॉप नुसता चालत नाही, त्याच्यात सिस्टीम टाकावी लागते, हे मला तिथं कळलं. दुकानदारानं विंडोज टाकून दिली. "कॉपी हाय, पन चालते," म्हणाला. घरी आणल्यावर चार दिवसांनी पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात काही तरी उमटलं. केंद्रवाल्या बाईला वाचायला लावलं. ती म्हणाली, ही सिस्टीम अस्सल नाही, असं लिहिलंय. मी म्हटलं, माझ्याकडं लोक पोरींची खरी माहिती देणार आणि तिच्यावर रोज खोटं असल्याची पाटी दिसणार, हे चालायचं नाही. अस्सल विकत घ्यायची तर नवी सिस्टीम त्या जुन्या मशीनला पेलणार नव्हती. मग तिनं लिनक्सचं सांगितलं. फुकट मिळते, चोरीची नाही, जुन्या मशीनवर चालते.

"पन एक हाय मावशी," ती म्हणाली, "हे इकडं कोनी वापरत नाई. अडलं तं शेजारीपाजारी कोनाले इचारता येनार नाई."

"शेजारी तसंही कोन येऊन राह्यलं? टाक."

ती टाकली. चालू व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात माझा चहा होतो. चालू झाली की मात्र काही मागत नाही, मधेच काही सांगत बसत नाही. नेट मी तिला कधी जोडलं नाही. मोबाइलला वायर लावून कागद आत घेते आणि त्याच वायरनं बाहेर देते. मराठी लिहायला तिच्यात बटणांची एक मांडणी आहे, डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. केंद्रवाली बाई पदवीधर आहे, ती 'क' लिहायला इंग्रजीचं अक्षर शोधते. मला इंग्रजी येत नसल्यानं ती अडचण आली नाही. बाराखडी पाठ होती, तेवढी पुरली. कागदाचे तुकडे कापून बटणांवर चिकटवले आणि एका बोटानं सुरुवात केली. आता दोन बोटं चालतात.

बाईनं मला तक्ता आखून दिला. नाव, शिक्षण, नोकरी, उंची, गाव, मामाचं आडनाव, फोन. सारा हिवाळा मी वह्यांतलं त्यात उतरवलं. दुपारी लाईन जायची, तेव्हा बॅटरीवर सव्वा तास चालायचं, मग थांबायचं. उतरवताना कितीतरी माणसं आठवली. कोण कुठं बसला होता, कोणी चहात साखर जास्त मागितली होती. तक्त्यात त्याला जागा नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं.

तक्ता झाला आणि माझं काम सोपं झालं. कोणी मुलगा मागितला की शिक्षण आणि उंची लावून पाच मिनिटांत चार स्थळं निघत. ती मी मोबाइलवर धाडायची. तिकडून अंगठ्याचं चित्र यायचं, म्हणजे पसंत. लोक म्हणाले, मावशी लई हुशार झाल्या. आणि यायचे बंद झाले. यायला कारणच उरलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात चहापत्तीचा एक पुडा मला तीन महिने पुरला. दार उघडं ठेवायला आणलेल्या वस्तूनं दार लावून टाकलं, आणि आणली मीच होती.

तेव्हाच ती चूक झाली. मालेगावजवळच्या एका गावची मुलगी, दवाखान्यात नर्स. रिठदचा मुलगा, सरकारी नोकरीत. आडनावं वेगळी, मामाची आडनावं वेगळी, उंची जुळती. दोन्हीकडून अंगठे आले. पुढं बघणं झालं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मांडव टाकला, विहारातून मूर्ती आणून मांडली, वंदना झाली. मी पुढच्या रांगेत बसले होते. तेवढ्यात मुलीच्या आजोबांची चुलतबहीण, अनसिंगला दिलेली, नव्वदीची बाई, नवरदेवाच्या आजोबाकडं बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "हा तं आपल्या मोठ्या घरचा हाय. याले मी कडेवर खेळवला."

नवरदेवाच्या आजोबानं नाकारलं नाही. त्याच्या बापानं धर्मांतरानंतर, रेल्वेत नोकरी लागली तेव्हा, आडनाव बदललं होतं. जुन्या आडनावावरून जात कळायची, म्हणून आमच्यात बऱ्याच घरांनी ते टाकलं. योग्यच केलं. पण भावकी त्यानं बदलत नाही. मुलगा आणि मुलगी एकाच भावकीतले, नात्यानं बहीण-भाऊ. आमच्यात असं लग्न होत नाही. स्वयंपाक झालेला होता म्हणून लोक जेवले आणि गेले. माझ्याशी कोणी बोललं नाही.

चार दिवसांनी मुलीचा बाप आला. चप्पल न काढता दारात उभा राहिला.

"मावशी, तीस वर्सं तुमी हे काम करून राह्यल्या. तुमाले मालूम नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग इचारलं काहून नाई?"

"कोनाले इचारू? घरी कोन आलं? तू आंगठा धाडला."

"म्हंजे चूक माही हाय?"

"माही हाय. बस."

"बसाले नाई आलो मी."

"उभ्यानं बोलशीन तं पाय दुखतीन. बस."

तो बसला. माझ्या पोरीला लोक काय म्हणतील, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि त्याचं खरं होतं. मी ऐकून घेतलं. दोन वेळा चहा केला, दोन्ही वेळा तो प्यायला. जाताना म्हणाला, माझ्या मुलीचं नाव तुमच्या त्या डब्यातून काढा. मी त्याच्यासमोर काढलं. तिचं लग्न पुढच्या वर्षी चांगल्या ठिकाणी झालं. माझ्यामार्फत नाही.

तो गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि आडनावाच्या शेजारी नवा रकाना घातला, 'जुनं आडनाव'. कोणाच्या मदतीशिवाय घातला. वरपासून खालपर्यंत तो मोकळा होता. वहीच्या काळात हा रकाना नव्हता, कारण म्हातारी माणसं चहा पिताना आपणहून सांगायची, आमी आधी अमके होतो. ते मी लिहीत नसे, लक्षात ठेवत असे. रिठदचं ते घर वह्या बंद झाल्यावर आलेलं, त्यांच्याकडून कोणी येऊन बसलंच नव्हतं.

सगळ्यांना निरोप धाडला, जुनं आडनाव कळवा. बरेच म्हणाले, माहीत नाही. एकानं लिहिलं, "जे सोडाले बापजाद्यायचा जीव गेला, ते तुमी पुन्ना कायले लिहून राह्यल्या?" तो चुकीचं बोलत नव्हता. मी कळवलं, भावकी ओळखायला, दुसरं कशाला नाही, आणि हा रकाना या मशीनच्या बाहेर जाणार नाही. त्याचं उत्तर आलं नाही. मग मी ठरवलं की ज्या घरातलं म्हातारं माणूस येऊन सांगेल त्याच घरचं नाव तक्त्यात राहील. पाच घरं आली. बाकीच्यांनी मोबाइलवरची लग्नं जमवायची सोय धरली. तिथं कोणी जुनं विचारत नाही.

म्हातारी माणसं येत नाहीत, कारण त्यांना आणायला कोणाला वेळ नाही. हे कळायला मला वेळ लागला. मीही त्यांच्यातलीच, पण माझे गुडघे अजून एसटीची पायरी चढतात. लॅपटॉप जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि मीच जायला लागले. आठवड्यातून दोन गावं. ज्या घरी जायचं तिथं आधी प्लगची जागा बघायची. म्हातारी माणसं रकान्यांच्या क्रमानं बोलत नाहीत. एक आडनाव निघायला एक दुष्काळ, दोन मरणं आणि एक बैलजोडी ऐकावी लागते. बॅटरी संपायला येते, तरी आडनाव येत नाही.

अनसिंगच्या त्या बाईकडं मी मुद्दाम उशिरा गेले. तोंड दाखवायची इच्छा नव्हती. ती अंगणात बाजेवर बसली होती. घरात कोणी नव्हतं.

"तूच का वं, पोरीचं साक्षगंध मोडनारी?"

"मोडलं तुमी. मी जमवलं होतं."

ती हसली. तिला दात नाहीत. मग म्हणाली, "पन्नास मानसात एकानं बी मले नाई इचारलं का तुले कसं मालूम. ताट वाढलं आन् कोपऱ्यात बसवलं."

"मी इचाराले आली."

तिनं बोलायला सुरुवात केली. मी लिहीत गेले. कोणत्या घराचं आधी काय होतं, कोणी कधी बदललं, कोण कोणाच्या भावकीतलं. तिला सगळं साफ आठवत होतं, माझ्यापेक्षा जास्त. पडद्याकडं बोट करून तिनं विचारलं, "माहं नाव हाय का त्याच्यात?"

"याच्यात लग्नाचेच रायते."

"मंग मले राहूच दे," ती म्हणाली.

वीस घरं एका बैठकीत भरली. इतकी कुठंच भरली नव्हती. रिठदच्या वरच्या आळीतली तीन घरं राहिली. ती मी विचारली.

"ते मंग सांगीन."

"आताच सांगा. पुन्ना कायले चक्कर?"

"आता याद नाई येत."

त्या आळीतल्या सुनेच्या माहेरच्या म्हशीचा रंग तिनं दहा मिनिटांपूर्वी मला सांगितला होता. मी तिच्याकडं पाहिलं. ती फाटकाकडं बघत होती.

"मंगयवारी सारे वावरात रायतेत," ती म्हणाली. "घरी कोनी नसते."

मी तीन चौकोन मोकळे ठेवले, मशीन बंद केली आणि मंगळवारी वाशीमहून इकडं गाडी किती वाजता निघते, ते तिला विचारलं.