सिंथेसायझरची आयुधपूजा

मुलीच्या अख्ख्या पावसाळ्याच्या मेहनतीवर मी हळदकुंकू वाहिलं, तेव्हा माझा हेतू अगदी शुद्ध होता.

(हे मी घरात प्रत्येकाला सांगून पाहिलं. कुणी पूर्ण ऐकूनच घेत नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.)

आमची मेधा चांगली कंपनीतली नोकरी सोडून इलेक्ट्रॉनिक साउंड करते. म्हणजे नेमकं काय करते, ते इथे म्हैसूरला, विजयनगरात शेजाऱ्यांना सांगताना माझी अजून तारांबळ उडते. गाणं म्हणावं तर शब्द नाहीत. वाजवणं म्हणावं तर ताल नाही. एक लाकडी पेटी आहे, तिला सिंथेसायझर म्हणतात. तिच्या अंगभर भोकं, अंगभर बटणं, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी वायरी. एक वायर इकडची तिकडे केली की आवाज बदलतो. मग ऊंऽऽऽ असं काहीतरी सुरू होतं आणि होतच राहतं. मी जन्मभर हेब्बाळच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो. मशीनमधून असा आवाज आला की आम्ही धावत जाऊन मशीन बंद करायचो, आणि ही त्याला तिकीट लावते!

"मेधा, हे सगळं ठीक आहे गं, पण तू काम काय करतेस?" असं मी अधूनमधून विचारायचो.

"अप्पा, हेच माझं काम आहे."

"काम म्हणजे सकाळी बस येते, डबा असतो, वर एक साहेब ओरडायला असतो—"

"अप्पा, सुम्ने बसा हं!"

मग मी सुम्ने बसायचो, म्हणजे गप्प. पण मनातून काही पटायचं नाही.

तर, खंडेनवमीचा दिवस. संध्याकाळी हेब्बाळमधल्या एका रिकाम्या शेडमध्ये तिचा पहिला एकटीचा कार्यक्रम होता. असल्या आवाजांसाठी झुरणारी एक मंडळीच आहे, म्हैसुरात थोडी, बंगळुरात बरीच. त्यांच्यातला एक कारभारी, आदित्य नावाचा, मुद्दाम ऐकायला येणार होता. त्याला आवडलं तर बंगळूरच्या मोठ्या कार्यक्रमात मेधाचं नाव लागणार होतं. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती. सकाळीच ती शेडवर स्पीकर बघायला गेली आणि पेटी जेवणाच्या टेबलावर तशीच राहिली.

आता आयुधपूजा म्हटलं की आमच्या घराला अंगात आल्यासारखं होतं. आम्ही मूळचे रंगारी. कापड छापायचे पणजोबांचे लाकडी ठसे अजून आहेत, ते मांडायचे. त्यांच्याशेजारी बायकोची शिलाई मशीन, माझे पाने-पकडी, मिक्सर, बाहेर धुतलेली स्कूटर आणि तिच्या चाकाखाली लिंबू. मी फिरता फिरता टेबलापाशी आलो. पेटी दिसली. वाटलं, हिलापण ठेवावं. काम असो-नसो, मशीन तर आहे!

पण आमच्या खात्याचा एक नियम होता. पूजेला ठेवायचं ते लख्ख हवं. आणि ह्या वायरींचा तो गुंता! कारखान्यात एवढ्या लोंबत्या वायरी दिसल्या असत्या तर मी फोरमनला फाडून खाल्ला असता. मी एकेक करून सगळ्या काढल्या. रंगवार लावल्या. लालमध्ये लाल, पिवळ्यात पिवळी, सुरेख वेटोळी करून दोऱ्यानं बांधल्या. सगळी बटणं शून्यावर आणली. ब्रशनं भोकं साफ केली. मग पेटी देवापुढे ठेवली, शेवंतीची माळ घातली, आणि प्रत्येक बटणाला एकेक ठिपका लावला, आधी हळद, वर कुंकू. इतकी देखणी दिसत होती की मी बायकोला, सुमाला, हाक मारून दाखवली.

"अहो," सुमा बारीक आवाजात म्हणाली, "तिला विचारलंत का?"

"सरप्राइज!" मी म्हटलं.

दुपारी मेधा आली. तिनं पेटी बघितली, वायरींची वेटोळी बघितली आणि दारातच खाली बसली.

"अप्पा... वायरी कुणी काढल्या?"

"मीच. बघ कशा रंगवार—"

"ते माझं संगीत होतं!"

"कुठे होतं?"

"त्या वायरींतच होतं! कुठली वायर कुठे, कुठलं बटण किती, तेच तर सगळं असतं. सेव्ह करता येत नाही त्यात. निघताना फोटो काढणार होते मी..."

जून महिन्यापासून पोरगी त्या टेबलाशी बसलेली मी रोज बघत होतो. मला वाटायचं, वायरी सोडवता येत नसतील बिचारीला.

मेधानं डोळे पुसले आणि पेटी उचलायला हात घातला. "निदान जाऊन पहिल्यापासून काहीतरी लावते."

"ए! ए! मुट्टबेडा!" आतून गर्जना झाली. हात लावू नकोस, हे आमच्याकडे रागाच्या भरात कन्नडमधूनच येतं. माझी थोरली बहीण, अक्का, हातात पळी घेऊन बाहेर आली. सणासुदीला आमच्या घरात सर्वोच्च न्यायालय तीच. "पूजेला ठेवलेलं आयुध उद्या दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, त्याच्यावर काम करायचं नाही. अय्यो देवा, एवढंपण ठाऊक नाही का?"

"अक्का, तिचा कार्यक्रम आहे हो," सुमा काकुळतीला आली. "नुसतं वाजवायचं तर आहे."

अक्कानं विचार केला. ती कडक आहे, पण दुष्ट नाही. "मग सोपं आहे. म्हण, हे काम नव्हे, खेळणं आहे. खेळण्याला नियम नाही. म्हण आणि घेऊन जा की."

आम्ही सगळे मेधाकडे बघायला लागलो. एक वाक्य तर म्हणायचं होतं.

"नाही म्हणणार," मेधा म्हणाली.

"अगं बाई, एकदाच! देवाला काय कळतंय!" (हे मी म्हणालो. अक्कानं पळी माझ्याकडे वळवली.)

"काम आहे हे माझं. अप्पांनाच विचारा ना आत्ते, त्यांनी का ठेवलं पूजेत? खेळणी ठेवतात का कुणी?"

झालं! न्यायालयानं साक्षीदार बोलावला. "बोल रे वसंत्या. हे काम की खेळ?"

काम म्हणावं तर पेटी हलत नाही. खेळ म्हणावं तर मुलगी हलते, ती कायमची. ती दुसऱ्या कुणाचंच नाही, माझंच उत्तर ऐकायला उभी होती, आणि ते आजचं नव्हे, गेल्या कित्येक वर्षांचं होतं. मला एकदम भरून आलं.

"काम आहे, अक्का," मी म्हटलं. "पण बॉयलरचं काम आहे."

"एनु? काय?"

"आमच्या कारखान्यात आयुधपूजेला सगळं बंद. फक्त बॉयलर बंद करता यायचा नाही. त्याला चालू असतानाच कुंकू लावायचो, आणि एक माणूस ड्यूटीवर राहायचा. ही आज ड्यूटीवर आहे."

अक्कानं पळी खाली केली. मग म्हणाली, "बॉयलर जागचा हलवायचात काय?"

"नाही."

"मग हीपण हलायची नाही. वाजवायचं तर इथेच, देवापुढे."

मेधानं फोन उचलला आणि आदित्यला सांगितलं की जागा बदलली आहे, चपला बाहेर काढाव्या लागतील.

संध्याकाळी काळ्या टी-शर्टातली पोरंपोरी स्पीकर घेऊन आमच्या दिवाणखान्यात दाटीवाटीनं बसली. त्यातच आमच्याकडे पायऱ्यांवर मांडलेल्या दसऱ्याच्या बाहुल्या बघायला गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. त्यांना वाटलं, काहीतरी खास पूजा दिसतेय. त्यापण बसल्या. अक्का दारात उभी राहून सगळ्यांना "बन्नी, बन्नी", म्हणजे या, या, करत होती आणि हरभऱ्याची उसळ वाटत होती. अंबाड्यावाल्या आदित्यलापण तिनं कुंकू लावलं. त्यानं ते फार गंभीरपणे लावून घेतलं.

"वायरी जागेवर नाहीत, आता काय करणार?" मी हळूच विचारलं.

"खोलीत माइक ठेवलाय," मेधा म्हणाली. "घरात जे आवाज असतील तेच पेटीत घेते. होईल ते होईल. तुम्ही फक्त कशाला हात लावू नका."

मी हात मांडीखाली घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो.

सुरुवातीला काहीच नव्हतं. मग कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, आणि तोच आवाज पेटीतून लांबत, विरघळत परत आला. समईची ज्योत जराशी हलली. बाहेर गाडी गेली, तिचापण ऊंऽऽऽ झाला आणि छताशी जाऊन थांबला. कापूर, शेवंती, उसळीतल्या खोबऱ्याचा वास. पायऱ्यांवरच्या बाहुल्या, राजा, राणी, लाकडी हत्ती, मला वाटलं की हळूहळू डुलताहेत. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज मला बंद करावासा वाटला नाही. छान वाटत होतं हो!

मग मी कारखान्यात होतो. सगळी लेथ मशीनं माळा घालून रांगेनं फाटकाबाहेर पडत होती, जंबूसवारीला, दसऱ्याच्या हत्तींच्या मिरवणुकीला, निघाली होती. घाई कुणालाच नव्हती. बॉयलरवर सोन्याची अंबारी, अंबारीत मेधा, तिच्या हातात रंगीत वायरींचे लगाम. मी पुढे तेलाची बुधली घेऊन चालत होतो, पाय जमिनीला लागत नव्हते. दोन्ही बाजूंनी लोक फुलं टाकत होते आणि टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाढत गेल्या. फारच वाढल्या.

डोळे उघडले तर सगळी खोली माझ्याकडे तोंड करून टाळ्या वाजवत होती.

"तुंबा चन्नागित्तु!" पलीकडच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. एवढं छान कधी ऐकलं नव्हतं म्हणे.

आदित्य उठून थेट मेधाकडे गेला. "तो शेवटचा खोल, थरथरता आवाज! मध्येच तुटायचा, वाटायचं संपला, आणि शिट्टीसारखा पुन्हा यायचा. कुठल्या यंत्राचा?"

मेधानं माझ्याकडे बोट केलं. "जुनं मॉडेल आहे. सुटे भाग मिळत नाहीत."

"बंगळूरला आणता येईल?"

"खुशाल न्या!" सुमा म्हणाली. "मी इतकी वर्षं फुकट ऐकतेय."

तर असं झालं. मेधाचं नाव मोठ्या कार्यक्रमात लागलं, आणि तिच्या नावाखाली माझंही. रंगमंचावर खाट, उशी, माइक, सगळं देणार आहेत. मला फक्त झोपायचं आहे. आणि ते आमंत्रण आल्यापासून, धास्तीनं, माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही!