आईला सांगितलेलं रोम

यवतमाळची एसटी बोरी अरबच्या स्टँडवर लागली तेव्हा आईने ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी बांधलेली पिशवी माझ्या हातात दिली. "पोचली का फोन करजो," एवढंच म्हणाली. बाबा आदल्या वर्षी वारले होते. मी पुण्याला निवेदनाचं काम शिकायला निघाले होते. गाडी सुटेपर्यंत ती थांबली नाही. कापूस वेचणाऱ्या बाया वावरात पोचल्या होत्या, तिला जायचं होतं. त्याला बावीस वर्षं झाली.

हे लिहितेय ते गावातच राहिलेल्या तुमच्यासाठी, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही.

पुण्यात पहिल्याच महिन्यात मी "मी येतो" म्हणाले आणि होस्टेलच्या मुली हसल्या. आपल्याकडे बायाही येतो-जातोच म्हणतात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मी ते सोडलं. मग 'मला'चं 'मले' सोडलं, 'का'चं 'काहून' सोडलं. हळूहळू आवाज असा झाला की मी कुठली, ते ऐकणाऱ्याला कळू नये. त्याच आवाजावर माझं पोट चालतं.

मागच्या वर्षी आई घरामागच्या सांदवाडीत घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मी तिला वारज्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. तेव्हा टीव्हीवर पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासाची एक परदेशी मालिका मराठीत लागत होती. बारा भाग, अथेन्सपासून कारखान्यांपर्यंत. दर आठवड्याला नवा भाग, आणि तोच रोज दुपारी पुन्हा. मराठी निवेदन माझं होतं. ते काम संपून मी दुसऱ्या मालिकेला लागले होते. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सातला परतायचं. दिवसभर बोलून घसा इतका थकायचा की घरी आल्यावर गुळण्या करायच्या, जेवायचं आणि पडायचं.

एकदा स्टुडिओतली वीज गेली म्हणून दुपारीच घरी आले. दार उघडलं तर आई टीव्हीसमोर बसलेली, प्लास्टरचा हात मांडीवर. पडद्यावर अथेन्सची जनसभा भरली होती आणि माझा आवाज सांगत होता की इथे प्रत्येक नागरिकाला बोलण्याचा अधिकार होता.

"अन् बायांले?" आईने टीव्हीला विचारलं.

माझा आवाज पुढे निघून गेला. मी चपला न काढता दारातच उभी राहिले. तिचं लक्ष गेलं तशी ती ओशाळली.

"तू बोलून राह्यली होती, मी ऐकून राह्यलो होतो," ती म्हणाली.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात तिने विषय काढला. "इथं तू दिवसभर टीव्हीत बोलतं, अन् घरी आली का मुकी होतं. मले बोरीले नेऊन दे." मी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

पोचवून परतले, तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "त्या रोमचं पुढं काय झालं?" तिच्या टीव्हीवर ते चॅनल दिसत नव्हतं.

स्टुडिओतून बस स्टॉपपर्यंत चालताना मी सांगू लागले. "साम्राज्याच्या सीमा विस्तारत गेल्या..."

"असं नको. माणसासारखं सांग."

मग माणसासारखं सांगू लागले, तर शब्दच सापडेनात. 'मले' तोंडात येऊन अडकायचं. रोमला पडायला पंधरा दिवस लागले, कारण ती दर वाक्याला थांबवायची. इतक्या दुरून पाणी आणलं तं नळ कोण सांभाळे? राजा येडा होता तं बाकीचे काय करत होते? मी प्रश्न लिहून घ्यायचे. घरी जाऊन पुस्तकं उघडायची आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं. थकलेली असायचे, तरी फोन चुकवला नाही.

रोमनंतरचे भागही असेच फोनवर सांगितले; शेवटचा उरला तेव्हा ती म्हणाली, "हा इथं येऊन सांग." दिवाळी झाल्यावर गेले. ती पुढच्या सपरीत म्हणजे ओसरीवर सुपात तूर घेऊन निवडत होती. मी यंत्रं सांगितली, गिरण्या सांगितल्या. सांगता सांगता स्टुडिओतलं वाक्य जसंच्या तसं तोंडातून गेलं, "कच्चा माल बाहेरून येत असे."

"बाहेरून म्हंजे कुठून?"

"लई ठिकाणाहून. इथूनबी. आपला कापूस बोटीनं जाये तिकडं."

तिचा हात सुपात थांबला. बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली, चिरा पडलेली बोटं. "हे तू टीव्हीत काहून नाई सांगितलं?"

"लिहून देतेत तेवढंच वाचा लागते, आई."

"पण तुले तं ठाऊक होतं."

ठाऊक होतं. ते वाक्य मी तीनदा वाचलं होतं, सूर नीट लागावा म्हणून.

सूप पुन्हा पुढे ओढून ती म्हणाली, "बरं, पुढं सांग."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले. काम तेच आहे, थकवाही तोच. गाव कोणतं, असं कोणी विचारलं तर बोरी अरबच सांगते. पण घर म्हणताना आता ना ती सपरी डोळ्यांपुढे येते, ना वारज्याचा फ्लॅट. मला विचारणारी एक आई आहे आणि तिला मी उत्तर देणं लागते, एवढंच माझं घर उरलंय. ती विचारायची थांबेल तेव्हा मी स्वतःला कुठली म्हणून सांगेन, ते मला अजून माहीत नाही.