आठवा ठिपका

वेणूबाईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, गोंदण आहे. मधी तुळस आणि भोवती सात ठिपके. असायला हवे होते आठ. पण आठवा टोचायच्या आत तिची शेळी शेजाऱ्याच्या वालात शिरली आणि एवढीशी वेणू हात हिसडून तिच्यामागं पळाली. शेळी हाकून परत येते तवर गोंदणारीण पुढच्या आळीला गेलेली. बदलापूरच्या पलीकडं तिच्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिचा लेक प्रज्वल तर ती ऐकतच वाढला.

हा प्रज्वल पुढं चित्रकार झाला. बदलापुरातल्या मांजर्लीत फ्लॅट घेतला, उन्नतीशी लग्न केलं, आणि परदेशी कंपनीच्या गेमची चित्रं काढायला लागला. 'हॉलोमूर' नावाचा गेम. वीसेक वर्षं झाली, भागावर भाग येतायत आणि पोरं त्यावर वेडी आहेत. गेम बनायच्या आधी राक्षस कसा दिसेल, पडका वाडा कसा दिसेल, हे कुणीतरी काढून दाखवावं लागतं. त्याला कॉन्सेप्ट आर्ट म्हणतात.

सातव्या भागासाठी कंपनीनं दलदलीतली चेटकीण मागितली. प्रज्वलनं काढल्या तेवढ्या सगळ्या परत आल्या. जिवंत वाटत नाहीत, म्हणे. शेवटी वैतागून त्यानं डोळे मिटले, तर समोर आवणीला वाकलेली आई दिसली. भाताची रोपं लावणारी, गुडघाभर चिखलात, कंबरेत मोडलेली, पुढचा दात बाहेर आलेला. तीच काढली. वर नखं वाढवली, डोळे पांढरे केले. हातावर गोंदणही उतरलं, आठव्याची जागा मोकळी ठेवून. कंपनी खूश झाली. नाव ठेवलं 'मार्श मदर', म्हणजे दलदलीतली आई.

मग गेमच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक निघायचं ठरलं. तिच्या हातावरची ही खूण कुठून सुचली, दोन ओळी लिहा, असा निरोप आला. प्रज्वलनं लिहिलं, 'माझ्या आईच्या हातावरून.' वाचलं आणि पुसून टाकलं. स्टुडिओत नवा असताना त्याच्या तोंडून 'पानी' आणि 'डोला' निघायचं, तेव्हा मागून खी-खी व्हायची. तेव्हापासून त्यानं जीभ घासूनपुसून सरळ केलेली. आमच्या बोलीत ण नाही, ळ नाही, त्यानं आमचं काही अडलं नाही. पण त्याचं अडलं. त्यानं लिहिलं, 'एका प्राचीन शापाची खूण.' पुस्तकात तेच छापलं.

गेम खेळणाऱ्यांनी तर्क लढवून लढवून त्या मोकळ्या जागेचा पार चोथा केला.

यंदा उन्हाळ्यात अंबरनाथच्या पोरांनी एक हॉल घेऊन मेळावा भरवला, हॉलोमूरची प्रश्नमंजुषा ठेवली. प्रज्वल प्रमुख पाहुणा. त्याच रविवारी वेणूबाई सुनेबरोबर शिवमंदिरात बेल वाहायला आलेली. उन्नती म्हणाली, "आई, इथंच तुमच्या लेकाचा सत्कार आहे. चला की."

प्रज्वलनं स्टेजवरून दोघींना दारातून आत येताना पाहिलं आणि मागं वळून बघितलं. पडद्यावर त्याची चेटकीण भिंतभर उभी होती.

"लास्ट क्वेश्चन, बॉस!" माइकवरचा सम्यक ओरडला. "मार्श मम्मीचा आठवा डॉट गेला कुठे?"

"पोराला खाल्लं तेव्हा गळाला!"

"चल बे! पार्ट थ्रीमध्ये सील तुटलं ना, तोच तो!"

मागच्या खुर्चीत वेणूबाई पडद्याकडं बघत होती. मग तिनं आपल्या हाताकडं बघितलं. परत पडद्याकडं. तिचा चेहरा फुलला, सुनेला कोपरानं ढोसून ती मोठ्यानं बोलली, "अगो, शेली गेल्ती वालान!"

पुढच्या रांगेतली पोरं वळली. "ए, शांत! काकी काय तरी सांगतायत. काय काकी?"

वेणूबाईनं स्टेजवरच्या लेकाकडं पाहिलं. प्रज्वल हातातल्या गुच्छात मान घालून बसला.

तिला कळलं. तिनं पदर ओढून डावा हात बोटांपर्यंत झाकला. "काय नाय रं बाबा. उनाचा तरास झाला."

सम्यकनं माइक पाहुण्यासमोर धरला. "सर, आता तुम्हीच सांगा."

प्रज्वलच्या तोंडात शेळी होती, वाल होता, आई होती. "पुस्तकात दिलंय तेच," तो म्हणाला. "शापाची खूण आहे ती."

टाळ्या पडल्या.

रिक्षात तिघं मागं दाटीवाटीनं बसली. उन्नतीनं एकदा सासूच्या झाकलेल्या हाताकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं, आणि तोंड बाहेर फिरवलं. मग वेणूबाईच बोलली.

"दात बराबर काडलास. पन नखां कशाला येवरी? तशी नखां असती त आवनी कशी झाली असती?"

"आये..."

"ऱ्हाऊं दे. चार मानसांत मानूस बावरतो."

शिवी दिली असती तर सोसली असती त्यानं.

घरी आल्यावर तिनं सुनेचा लांब बाह्यांचा स्वेटर मागून घेतला. वैशाखाची काहिली, भिंती तापलेल्या, आणि ही बाई स्वेटर घालून तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली. पीठ बाहीला लागलं, पाणी लागलं, बाही ओली होऊन मनगटाला चिकटली. तरी वर सारेना.

"आये, काढ ना तो स्वेटर."

"तुजी मानसां येतान जातान घरी. कोन बघल."

प्रज्वल तिच्यापुढं उकिडवा बसला. तिचा हात धरला आणि ओली बाही वर सरकवायला लागला. तुळशीची मुळं दिसली, पहिला ठिपका दिसला.

तिनं हात हिसडला. लहानपणी हिसडला असेल तसाच. या खेपेला शेळी कुठंच नव्हती.

"सर बाजूला," ती म्हणाली. "भाकर करपंल."