आडवी होणारी आत्या

कुणाच्याही ओसरीवर न विचारता आडवं व्हायची आमच्या आत्याला खोड होती. आमच्या गावात, निघोज्यात, एखाद्या घरी विरजण मागायला जायची आणि बोलता बोलता पदर खोचून जमिनीवर उताणी पडायची. "समज, मी शालू हाय. फेफरं आलंय. काय करशील?" समोरची बाई भांबावून पायताण शोधू लागली की आत्या पडल्यापडल्याच खेकसायची, "ठेव ते! कातडं हुंगून कुणी बरं झालंय व्हय? कुशीवर कर मला." बाईने घाबरून एकदम लोटलं की वर आणखी ऐकवायची, "अगं, भाकरी उलटतीस का? हळू!"

शालू म्हणजे मी. फेफरं मला यायचं आणि त्याचा खेळ आत्या गावभर करायची.

आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. पुण्याच्या डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या आणि झटका आला तर काय करायचं ते तिला एकदा समजावलं. अक्षरओळख नसलेल्या आत्याने ते तोंडपाठ केलं आणि मग माझा जीव नकोसा केला. मी चिडून म्हणायचे, "घरात माहीत आहे तेवढं पुरे, आत्या." "मग पडायला रोज घरी येणार हायेस का?" मी पुस्तकात तोंड खुपसायचे, तर ती तेही ओढून घ्यायची. पडल्यावर माझ्या डोक्याखाली घालायला कितपत उपयोगी आहे, ते चाचपून परत द्यायची. "लई बारीक हाय. जाड वाच."

चाकणच्या एस.टी.तही तिने हा प्रयोग मांडला होता. कंडक्टर म्हणाला, "आजी, उठा. आडव्या माणसाचं तिकीट न्हाई आमच्याकडं." सगळी गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आत्या मात्र उठली ती त्याला धडा पाठ करायला लावूनच. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबायचे नाहीत, कुशीवर करायचं.

पुढे सातवीची फायनल परीक्षा पास होऊन मला गावच्याच शाळेत नोकरी लागली. नोकरी गेली तर मला दुसरा आधार नव्हता. हेडमास्तर परगावचे; माझ्या फेफऱ्याचं त्यांना कळलं तर ते मला ठेवणार नाहीत, हे दिसत होतं. मी आत्याला हात जोडले. "शाळेत येऊ नकोस." ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात, फळ्यासमोर, ती आडवी पडली होती आणि चौथीची पोरं रांग लावून तिला कुशीवर करत होती. दारात हेडमास्तर उभे. "हे काय चाललंय?" "शिक्षण," आत्या खालूनच म्हणाली.

सगळं ऐकून ते एवढंच बोलले, "दिवाळीपर्यंत पाहू. नाहीतर दुसरी बाई मागवून घेईन." त्या रात्री मी आत्याचं ताट तिच्यापुढे आदळलं. ती शांतपणे जेवली आणि ताकही मागून घेतलं.

दिवाळीच्या आधीच मी वर्गात पडले. शुद्धीवर आले तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली कुणाचं तरी दप्तर होतं. पोरं भिंतीकडेला चिडीचूप बसली होती. समोर हेडमास्तर हातात स्वतःची चप्पल घेऊन उभे होते आणि यमुना नावाची चिमुरडी दोन्ही हात पसरून त्यांची वाट अडवत होती. "न्हाई गुर्जी! पायताण न्हाई! आत्या वरडंल!"

हेडमास्तरांनी चप्पल खाली ठेवली, पायात सरकवली आणि म्हणाले, "बाई, बरं वाटलं की पाढे घ्या." दुसरी बाई आली नाही.

"सांगितलं व्हतं ना?" हे वाक्य त्यानंतर आत्याने मला किती वेळा ऐकवलं असेल! भाजी चिरताना, दळण निवडताना, काही कारण नसताना. शेवटी मी कान झाकून घ्यायचे.

यंदा थंडीत, अंगात ताप असतानाच ती गेली. बायकांनी तिला ओसरीवर निजवलं, उताणी. शेजारची सोनाबाई रडत बसली होती. रडता रडताच तिने एक हात आत्याच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि तिला कुशीवर करायला लागली. मग भानावर येऊन थांबली. "हात आपसूक गेला गं," ती म्हणाली.

घाईत तिने जरा जोरातच लोटलं होतं. मी आत्याच्या तोंडाकडे बघत थांबले. "भाकरी उलटतीस का?" असं कुणी खेकसलं नाही.