पाळण्याचा दुसरा चरण

काष्टीला भावाच्या घरी रतनबाईंना एकतीस वर्षं झाली होती, पण त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा वहिनी काढून देतील ती. नवऱ्यानं त्यांना कर्जतहून एसटीनं आणून स्टँडवर उतरवलं, आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणाला आणि परतीच्या गाडीत जाऊन बसला. पुढं त्यानं दुसरी केली. रतनबाईंनी इथं गोठा सांभाळला, भाकरी थापल्या. आक्काबाई वहिनींची हाक आली की हातातलं टाकून उठायचं, एवढं एकच त्या कधी चुकल्या नाहीत.

त्यांच्या गळ्याकडं पहिल्यांदा लक्ष गेलं ते भाच्याचं. ओंकार आणि स्टँडवर मोबाईल दुरुस्त करणारा त्याचा मित्र इम्रान, दोघांचाच एक बँड होता. नाव ‘अठरावा दिवस’. ढोलकी नाही, पेटी नाही; पेंडीच्या खोलीत एक लॅपटॉप, एक छोटा कीबोर्ड आणि वायरींचा गुंता. महाभारतातली, पुराणातली, जुन्या काव्यांतली माणसं घेऊन ते गाणी करायचे आणि इंटरनेटवर सोडायचे. रतनबाईंचे भाऊ आबासाहेब म्हणत, “त्यापेक्षा रसवंतीचं इंजन बरं. निदान रस तरी निघतो.”

फेब्रुवारीत रतनबाई जात्यावर तूर भरडत होत्या आणि सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणत होत्या. ओंकारनं शेजारी माईक ठेवला.

*रथ फिरला माघारी, धूळ बसंना रानाची,*
*सीता चाहूल घेते गं फिरलेल्या चाकाची.*

पुढच्या ओवीला त्यांनी तोंड उघडलं आणि गोठ्यातून हाक आली, “वन्सं, वासरू सुटलं!” रतनबाई उठल्या. ओंकारला वाटलं, गाणं तिथंच संपतं.

महिन्यानं त्यानं आत्याला तयार गाणं ऐकवलं. खालून जमीन घुमावी तसा आवाज, आणि वर त्यांचाच गळा, पुन्हा पुन्हा तोच चरण. *धूळ बसंना रानाची. धूळ बसंना रानाची.* रतनबाई पेंडीच्या पोत्यावर बसून ऐकत होत्या. गाणं थांबलं.

“कसं वाटलं, आत्या?”

“फुडचं कुठाय?”

“एवढंच हाय. तेच तेच येत राहतं. ऐकणारा त्यात अडकतो.”

“ऐकनारा अडकू दे. तिला कशाला अडकवली?”

“कुणाला?”

“सीतामाईला. रानात सोडून उठायचं नसतं, बाबा. पाळन्यापत्तुर न्यावं लागतं. मी त्या दिशी उठले. चूक माझी हाय.”

इम्रान हळूच म्हणाला, “आत्या, रविवारी सोडायचंय. पोस्टरपण गेलं.”

“मग आज मला गाऊ द्या.”

आत्या काही मागतेय, हे ओंकारला जरा उशिरानं कळलं. त्यानं माईक जोडला.

“अजून एक हाय,” रतनबाई म्हणाल्या. “पाळन्याचा पयला चरन मी म्हनीन. दुसरा एकटीनं म्हनायचा नसतो, दुसऱ्या बाईनं झेलायचा. सीतामाईपाशी कुनीतरी बसलं पायजे.”

“इथं दुसरी कोण?”

“न्हाई आली कुनी तर मी थांबंन.”

त्यांनी सुरुवात केली. समोर जातं नव्हतं, तरी उजवा हात फरशीवर गोल फिरत होता. रथ गेला, दिवस कलला, ऋषी पाण्याला आले, पोरं झाली. इतक्यात अंगणातून हाक आली, “वन्सं!” हात क्षणभर थबकला आणि पुन्हा फिरू लागला. दुसरी हाक आली. इम्राननं थांबवू का, असं नजरेनंच विचारलं. ओंकारनं नकारार्थी मान हलवली.

*पाळना बांधला पानांचा, वेलीची केली दोरी…*

रतनबाई थांबल्या. खोलीत लॅपटॉपच्या पंख्याची घरघर तेवढी राहिली.

आक्काबाई दुधाची किटली घेऊन दारात आल्या. “कवाधरनं वरडतीया मी, डेरीची गाडी…” पुढचं तोंडातच राहिलं. त्यांची नणंद उठली नव्हती. तिनं त्यांच्याकडं बघत तोच चरण पुन्हा म्हटला आणि पुन्हा थांबली.

आक्काबाई या घरात नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूच्या समोर जात्याला बसायच्या. पाळणा त्यांनाच झेलावा लागायचा. त्याला चाळीस वर्षं झाली. त्यांनी एकदा अंगणाकडं बघितलं, किटली खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच, घोगऱ्या आवाजात म्हटलं,

*निजती लहू-अंकुश, सीता बसली शेजारी.*

मग किटली उचलली. “गेली आसंल गाडी,” म्हणाल्या आणि निघाल्या. रतनबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या मागोमाग गेल्या.

रविवारी गाणं सुटलं, चार मिनिटांचं नऊ मिनिटांचं होऊन. शेवटाकडं एका जागी बराच वेळ काहीच वाजत नाही. मग किटली फरशीवर टेकल्याचा आवाज येतो. इम्राननं विचारलं होतं, हे कापू का? ओंकार म्हणाला, राहू दे.