कंडक्टरबाईंनी सोडलेल्या दोन पुड्या

लोकांनी त्यांना नगरसेवक म्हणून निवडून दिलं खरं, पण हाक मात्र ‘कंडक्टरबाई’ हीच राहिली. सारं आयुष्य बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेलं. खचाखच भरलेल्या गाडीत तिकीट न काढलेला माणूस त्या नुसत्या तोंडावरून ओळखायच्या. “तो खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघत असतो,” असं त्या म्हणायच्या. रिटायर झाल्यावर वॉर्डातल्या तुंबलेल्या गटारासाठी त्यांनी नगरपालिकेत इतक्या खेपा घातल्या, की शेवटी लोकच म्हणाले, “बाई, रोज जाताच आहात तर तिथंच बसा.”

निवडून आल्यावर त्या दर महिन्याला वाचनालयाच्या खोलीत सभा घ्यायला लागल्या. लांबडं टेबल, घडीच्या खुर्च्या, वर खडखडणारा पंखा. नळाला पाणी कमी येतं, मोकाट कुत्री वाढलीत, वळणावरचा दिवा दिवसा जळतो आणि अंधार पडला की झोपतो, अशी गाऱ्हाणी. येणारे मोजकेच, त्यातले निम्मे पेपर वाचायला आलेले आणि सभेत सापडलेले.

मग एके दिवशी नगराध्यक्षांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“बाई, बसस्टँड गावाबाहेर न्यायचं चाललंय. जुन्या जागेवर दुकानांचे गाळे निघतील. पण एवढ्यात बाहेर बोलू नका हं.”

बाईंनी मान हलवली. पण गोष्ट पोटात राहीना. त्यांनी ती दोघांनाच सांगितली. नगरपालिकेच्या हेडक्लार्कला, कारण त्याच्याकडून खरंखोटं करून घ्यायचं होतं. आणि शेजारच्या घरात राहणाऱ्या धाकट्या जावेला, कारण जावेला सांगितल्याशिवाय बाईंना जेवण पचत नसे. नवऱ्याला मुद्दामच नाही सांगितलं. कारखान्यात फिटरकी करून त्याचा एक कान गेला होता, आणि त्याला काही सांगायचं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगायचं.

पुढच्या सभेला वाचनालयात बसायला जागा उरली नाही. किराणा दुकानदार उभा राहिला.

“बाई, स्टँड हलवताय म्हणे. आणि कोपऱ्यावरचा गाळा तुमच्या भाच्याला?”

“माझा भाचा बोटीवर खलाशी आहे. वर्षानुवर्षं जमिनीला पाय लागत नाहीत त्याचे. त्याला गाळा काय करायचाय?”

“आम्हीही तेच विचारतोय,” दुकानदार म्हणाला. “काय करायचाय?”

लोक हसले. बाईंची कानशिलं तापली. आजवर दुसऱ्यांच्या तोंडाकडे त्या ज्या नजरेनं पाहत आल्या, त्या नजरेनं आता अख्खी खोली त्यांच्याकडे पाहत होती.

घरी आल्या त्या धुमसतच. “पाणी कुठंतरी मुरतंय.”

“कुठल्या भिंतीत?” नवऱ्यानं वर छताकडे पाहिलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांच्या डोळ्यांसमोर दोनच तोंडं होती. हेडक्लार्क गोडबोल्या, तिथं काही सांगता येत नाही. जाऊ तर घरचीच. पण कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हेही काही उगाच म्हणत नाहीत. हल्ली ती किराणा दुकानात जरा जास्तच वेळ उभी असते, असं बाईंना वाटायला लागलं. मग वाटेनासं झालं. मग पुन्हा वाटायला लागलं. शेवटी त्यांनी ठरवलं, प्रत्येकाला वेगळी पुडी सोडायची. जी फुटेल, तिचा मालक चोर.

हेडक्लार्कच्या टेबलाशी वाकून त्या हळूच म्हणाल्या, “चौकातला सार्वजनिक नळ बंद व्हायचाय. कुठं बोलू नका.”

संध्याकाळी भाजी निवडता निवडता जावेला म्हणाल्या, “वाचनालयाची खोली भाड्यानं द्यायची म्हणतायत. तुझ्यापाशीच ठेव हो.”

जावेनं देठ बाजूला सारत नुसतं “बरं” म्हटलं. ते ‘बरं’ बाईंना जरा जास्तच साधं वाटलं.

दोन दिवसही गेले नाहीत. सकाळी चौकात ही आरडाओरड! घागरी, बादल्या, पिंपं, कुणी तर लहान पोराचा टब घेऊन रांगेत. नळ बंद होणार म्हणून जो तो भरून ठेवतोय, आणि आधी कोण यावरून झिंज्या उपटायची वेळ आलेली. बाईंना क्षणभर बरं वाटलं. चोर सापडला, हेडक्लार्क! तेवढ्यात इस्त्रीवाल्याची म्हातारी आई, जी एरवी एक कळशी भरून निघून जायची, ती दुसरी कळशी उचलताना ओल्या दगडावरून घसरली. हाताचा कडकन आवाज झाला. तो बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

म्हातारीला त्यांनीच रिक्षात घालून नगरपालिकेच्या दवाखान्यात नेलं. वाटेत म्हातारी कण्हत म्हणत होती, “नळ बंद झाला तर पोराच्या इस्त्रीला पाणी कुठनं आणू गं बाई?” बाईंना खाली मान घालायची वेळ आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नर्सबाईंनी डॉक्टरांच्या हाताखाली प्लास्टर बांधलं आणि बोलता बोलता बोलून गेल्या, “आत्ता आणलंत म्हणून बरं. दोन महिन्यांनी आणलं असतं तर...”

“तर काय?”

“काही नाही,” म्हणत नर्सबाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या. बाहेर होती फक्त एक भिंत. आणि ती त्या फार मन लावून पाहत होत्या.

बाई तिथून तडक नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये शिरल्या. “साहेब, दवाखाना बंद करताय?”

“कोण म्हणालं?”

साहेबांनी ‘छे, भलतंच’ म्हटलं असतं, तर बाई कदाचित परत फिरल्या असत्या. पण त्यांनी विचारलं ते ‘कोण म्हणालं’.

“खरं की खोटं, एवढंच सांगा.”

“विषय समितीपुढे आहे. मोठ्या हॉस्पिटलशी जोडून घ्यायचाय, बंद कुठं करतोय? तुम्ही आपल्या स्टँडचं बघा. लोक त्यावरच तापलेत ना?”

हे म्हणताना साहेबांना किंचित हसू आलं. बाहेर पडताना बाईंना वाटलं, स्टँडची गोष्ट आपल्याला सांगितली ती गुपित राहावी म्हणून, की राहू नये म्हणून? गावानं तिकडं बघत बसावं, आणि इकडं दवाखान्याला कुलूप? याचं उत्तर त्यांना कधीच मिळालं नाही.

त्यांनी त्याच आठवड्यात सभा बोलावली. पहिल्या रांगेत प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेली म्हातारी, मागच्या भिंतीशी जाऊ. बाई उभ्या राहिल्या आणि आडपडदा न ठेवता म्हणाल्या, “नळ बंद होणार नाही. ती पुडी मी सोडली होती, कोण बातम्या फोडतं ते कळावं म्हणून. आजींचा हात माझ्यामुळे मोडला.”

खोलीत गलका झाला. हेडक्लार्क म्हणाला, “मी फक्त बायकोला सांगितलं, पाणी भरून ठेव म्हणून!” मागून कुणीतरी ओरडलं, “नाही म्हणतायत म्हणजे नक्कीच बंद होणार!” जावेनं एकदाच बाईंकडे पाहिलं. वाचनालयाचं आपल्याला का सांगितलं होतं, हे तिला उमगलं. ती उठली आणि निघून गेली.

“पण दवाखान्याचं खरं आहे,” बाई म्हणाल्या.

“ही पुडी कुणासाठी, बाई?” दुकानदारानं विचारलं.

या वेळी कुणी हसलं नाही, पण विश्वासही कुणी ठेवला नाही. मग म्हातारीच बसल्या जागेवरून म्हणाली, “हिच्यावर नका ठेवू विश्वास. मी तरी कुठं ठेवते? पण त्या नर्सचं तोंड मी पाहिलंय. उद्या नगरपालिकेत जाऊन विचारायला काय जातंय?”

दुसऱ्या दिवशी सगळे गेले. बाईंच्या मागे नाही, म्हातारीच्या मागे. जिना भरला, व्हरांडा भरला. साहेबांनी विषय ‘तूर्तास’ मागे घेतला. तूर्तास म्हणजे किती, ते कुणी सांगेना. म्हणून दवाखान्यावरून जाताना लोक अजून दाराकडे बघून घेतात. चौकातल्या नळावर पिंपं मात्र कितीतरी दिवस दिसत राहिली. म्हातारीचा हात बरा होईपर्यंत तिचं पाणी बाई भरत होत्या. म्हातारी आभार मानत नसे, आणि बाईंना तेच बरं वाटे.

जाऊ मात्र बोलेना. भाजी आपली आपण निवडायची. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ती दारात येऊन उभी राहिली.

“जाऊबाई, वाचनालयाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.”

“माहीत आहे गं. चुकलंच माझं.”

“सांगितलं नाही, कारण ते मला खरंच वाटलं नव्हतं,” जाऊ म्हणाली आणि आत येऊन सरळ चहा टाकायला लागली.

‘आणि स्टँडचं?’ बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि दोन कप पुढे केले.